पाच रुपयांचं नाणं, चार स्टेशनं

मुलांनो, मुंबईला पाहुणे म्हणून गेलात की तुम्हांला काय काय दाखवतात? राणीची बाग, म्हातारीचा बूट, गेटवे ऑफ इंडिया आणि चौपाटीवरची भेळ. ही मुंबई छानच आहे. पण आज मी तुम्हांला एका वेगळ्याच मुंबईच्या सफरीला नेणार आहे. या सफरीला लोकलचं तिकीट, पायांत चांगल्या चपला आणि खिशात पाच रुपयांचं एक नाणं एवढंच लागतं. नाणं खर्च करायचं नाही, बरं का! ते मुठीत धरून फक्त विचार करायचा, की आपण ते दुकानदाराच्या हातावर ठेवलं तर पुढे कुठे जातं? आणि जाता जाता काय काय करतं?

वर्गात हा प्रश्न विचारला की मुलं पटकन सांगतात, "बाई, ते गल्ल्यात जातं!" बरोबर आहे. पण गल्ला हा त्याचा पहिला थांबा. खरा प्रवास तिथून सुरू होतो. मोठमोठ्या कंपन्या, त्यांचे कारखाने, त्यांतले हजारो कामगार या सगळ्यांपर्यंत ते नाणं जाऊन पोहोचतं. आणि एखाद्या दिवशी ते पोहोचलं नाही, तर तिकडे मोठी खळबळ उडते. कशी? चला, गाडी पकडू या.

पहिलं स्टेशन : विलेपार्ले

पश्चिम रेल्वेवर अंधेरी आणि सांताक्रूझ यांच्या मधे विलेपार्ले आहे. धीम्या गाडीनं यायचं आणि पूर्वेला उतरायचं. काही वर्षांपूर्वीपर्यंत हे स्टेशन ओळखायला पाटी वाचावी लागत नसे. डोळे मिटून पेंगणाऱ्या माणसालाही पार्लं आलेलं कळायचं, कारण भाजत्या बिस्किटांचा गोड, खरपूस वास थेट डब्यात शिरायचा!

तो वास पार्ले कंपनीच्या कारखान्याचा. १९२९ साली हा कारखाना इथे सुरू झाला आणि कंपनीनं गावाचंच नाव घेतलं. आधी इथे गोळ्या आणि मिठाया बनत. १९३९ पासून बिस्किटं बनू लागली. त्या काळी बिस्किट म्हणजे साहेबाच्या चहाबरोबरची चैन. परदेशातून येणारं, महागडं. साध्या माणसाला परवडेल असं बिस्किट इथल्या भट्टीतून निघालं. त्याचं नाव पार्ले ग्लुको. पुढे १९८० च्या दशकात त्याचं पार्ले-जी झालं. तुमच्या आजोबांनी ते चहात बुडवलं, बाबांनी बुडवलं आणि तुम्हीही बुडवलंय. (आणि तुमचंही निम्मं कपाच्या तळाशी गेलंय, हो ना?)

२०१६ साली हा जुना कारखाना बंद झाला. कंपनी चालूच आहे, तिची बिस्किटं देशभरच्या दुसऱ्या कारखान्यांत बनतात. पण पार्ल्यातला तो वास मात्र गेला.

आता ऐका पुड्याची गोष्ट. १९९० च्या दशकात १०० ग्रॅमचा पुडा चार रुपयांना मिळत असे. वर्षं गेली तसा गहू महागला, साखर महागली, तेल महागलं. साहजिकच कंपनीला वाटलं, आपणही थोडी किंमत वाढवावी. एकदा त्यांनी पुड्यामागे फक्त पन्नास पैसे वाढवून पाहिले. पन्नास पैसे म्हणजे आठ आणे! पण गिऱ्हाइकांनी हात आखडता घेतला. खप इतका घसरला, की वाढवलेली किंमत मुकाट्यानं मागे घ्यावी लागली.

एवढी मोठी कंपनी आठ आण्यांपुढे नमली! असं का झालं असेल? हा पुडा कोण विकत घेतं ते आठवा. टपरीवर चहा पिणारा हमाल, शेतावर निघालेली मजूर बाई, शाळेत जाणारं मूल. त्यांच्या खिशात पैसे मोजके असतात. बिस्किटासाठी किती द्यायचे हे त्यांचं आधीच ठरलेलं असतं. त्यात सुट्ट्या पैशांची भानगड नको असते. म्हणून कंपनीनं दुसरी युक्ती केली. किंमत तीच ठेवली आणि पुड्यातलं वजन हळूहळू कमी केलं. बऱ्याच वर्षांनी चाराचे पाच रुपये झाले, पण तेसुद्धा एका नाण्यात बसतील असेच. म्हणजे पुड्याचा आकार कोणी ठरवला? कंपनीच्या साहेबांनी? हो, पण त्या हमालाच्या खिशात डोकावून!

यातून तुमच्यासाठी एक धडा. पुडा उलटा करून 'निव्वळ वजन' वाचायची सवय लावा. किंमत तीच दिसली म्हणून वस्तू तेवढीच असते असं नाही.

पण या गोष्टीला आणखी एक बाजू आहे. २०१७ साली जीएसटी हा नवा कर आला. पूर्वी किलोला शंभर रुपयांच्या आतल्या स्वस्त बिस्किटांवर १२ टक्के कर होता, तो आता १८ टक्के झाला. पाच रुपयांच्या पुड्यात बिस्किटं आणखी कमी बसू लागली. त्याच सुमारास खेड्यांतल्या लोकांच्या हातात पैसाही कमी खेळत होता. लोकांनी बिस्किटं घेणं कमी केलं. ऑगस्ट २०१९ मध्ये कंपनीच्या अधिकाऱ्यानं जाहीरपणे सांगितलं, की असंच चालू राहिलं तर आठ ते दहा हजार माणसांना कामावरून कमी करावं लागेल. कंपनीच्या आणि तिच्यासाठी माल बनवणाऱ्या कारखान्यांत मिळून तेव्हा सुमारे एक लाख माणसं काम करत होती.

मग २०२० साली करोनाची टाळेबंदी आली. लाखो मजूर पायी आपापल्या गावी निघाले. वाटेत कोणी त्यांना हे पुडे वाटले, कोणी पिशवीत बांधून घेतले. शहरातल्या घरांनीही डबे भरून ठेवले. त्या काळात पार्ले-जीचा खप इतका वाढला, की तेवढा कित्येक दशकांत झाला नव्हता. २०२५ च्या सप्टेंबरात बिस्किटांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला.

पाहिलंत? पाच रुपयांचं नाणं एका वर्षी थांबलं तर हजारो कामगारांच्या पोटात गोळा आला. पुढच्याच वर्षी ते धावत सुटलं तर भट्ट्या थंड व्हायला वेळ मिळेना. नाणं तेच आणि पुडाही तोच.

दुसरं स्टेशन : दादर

सांताक्रूझ, खार, वांद्रे, माहीम, माटुंगा रोड अशी स्टेशनं घेत गाडी दादरला येते. इथे उतरताना दप्तर पोटाशी धरा! पूर्वेला बाहेर पडून आपल्याला नायगावच्या दिशेनं चालायचंय. वाटेत एखादं किराणा मालाचं दुकान दिसलं की दोन मिनिटं बाजूला उभे राहा आणि नुसतं बघा.

थोड्या वेळात पाठीला पिशवी लावलेला एखादा माणूस येतो. तो काही विकत घेत नाही. दुकानदाराला विचारतो, "शेठ, बिस्किट किती लिहू? साबण?" हा वितरकाचा माणूस. दुकानदार फळीकडे नजर टाकून म्हणतो, "हा माल उठत नाही. या खेपेला अर्धाच टाक." बस्स, एवढंच! पण ही बातमी दुकानातून वितरकाकडे जाते. वितरकाकडे अशा शेकडो दुकानांच्या बातम्या येतात. तो कंपनीच्या गोदामाकडून कमी माल उचलतो आणि गोदाम कारखान्याला कळवतं. काही आठवड्यांत दूर कुठेतरी एका यंत्राची एक पाळी बंद होते. तुम्ही कंपनीला पत्र लिहिलं नाही, की फोन केला नाही. फक्त दोन-तीन आठवडे पुडा उचलला नाही, एवढंच.

"पण बाई, माझ्या एकट्याच्या पाच रुपयांनी काय होतंय?" असं कोणी विचारेल. चला, गणित करू. तुमच्या वर्गात ४० मुलं आहेत. प्रत्येकानं आठवड्याला पाच रुपयांचा एक पुडा घेतला, तर आठवड्याचे झाले २०० रुपये. वर्षाचे ५२ आठवडे, म्हणजे १०,४०० रुपये. शाळेत असे वीस वर्ग असतील तर २,०८,००० रुपये! ही झाली एक शाळा. तुमच्या तालुक्यात किती शाळा आहेत? पुढचं गणित तुम्हीच करा.

आता दुकानाच्या दारावर टांगलेल्या त्या चकचकीत पुड्यांच्या लडी बघा. शाम्पू, कॉफी, केसांचं तेल. यांचीही मजेशीर गोष्ट आहे. एके काळी शाम्पू फक्त बाटलीत मिळायचा आणि बाटली घेणं सगळ्यांना परवडत नसे. तमिळनाडूतल्या कडलूर गावचे चिन्नी कृष्णन हे एक उद्योजक होते. त्यांचं म्हणणं असं, की श्रीमंताला मिळतं ते हमालालाही मिळालं पाहिजे. त्यांनी शाम्पू छोट्या पुडीत भरला. पुढे त्यांचे चिरंजीव रंगनाथन यांनी १९८३ साली १५,००० रुपये भांडवलावर वेगळा धंदा काढला आणि 'चिक' नावाचा पुडीतला शाम्पू खेडोपाडी नेला. लोक महिन्याचा शाम्पू एकदम घेत नाहीत, आंघोळीपुरता घेतात, ही साधी गोष्ट त्यांनी ओळखली. ते पाहून मोठमोठ्या कंपन्यांनाही पुड्या काढाव्या लागल्या.

मात्र त्या रिकाम्या पुड्या आज गटारात, नदीत, शाळेच्या कुंपणाला अडकलेल्या दिसतात. आपल्या सवयीनं दुकानाचं दार सजलं आणि आपल्याच सवयीनं गटारही तुंबलं. दोन्ही लक्षात ठेवा.

कपडे धुण्याच्या पावडरीची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. अहमदाबादचे करसनभाई पटेल रसायनशास्त्र शिकलेले सरकारी नोकर होते. १९६९ साली त्यांनी घरच्या घरी पावडर बनवायला सुरुवात केली आणि सायकलवरून दारोदार विकली. आपल्या मुलीच्या, निरुपमाच्या नावावरून तिला नाव दिलं निरमा. किलोला तीन रुपये! तेव्हा हिंदुस्थान लिव्हर या बड्या कंपनीची सर्फ पावडर तिच्या चौपटीहून महाग होती. बड्या कंपनीला वाटलं, सायकलवरच्या पावडरीची काय मातब्बरी? पण घरोघरच्या आयांनी आणि आज्यांनी हिशेब केला. एकेक करत त्या निरमाकडे वळल्या. अखेर बड्या कंपनीलाही स्वस्त पावडर काढावी लागली. १९८७ साली तिनं 'व्हील' बाजारात आणली. महिन्याचा किराणा लिहिणाऱ्या बायकांनी एका बलाढ्य कंपनीला आपला रस्ता बदलायला लावला.

बोलता बोलता नायगाव आलं. हा कामगारांचा भाग. इथल्या चाळींतून माणसं भोंगा वाजला की गिरणीत जायची. १९४८ साली इथल्या कामगारांनी एक वेगळाच विचार केला. महायुद्धानंतरचा तो काळ. धान्याची टंचाई, रेशनच्या रांगा, काळा बाजार. त्यांनी वर्गणी काढून स्वतःचं सहकारी दुकान काढलं. त्याचंच पुढे 'अपना बाजार' झालं. इथे गिऱ्हाईकच मालक! मग माप मारणार कोण आणि कोणाचं? १९७५ साली सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीनं आणखी एक पाऊल पुढे टाकलं. शेजारपाजारची कुटुंबं एकत्र येतात, महिन्याची एकच यादी करतात, माल एकदम मागवतात आणि आपापसांत वाटून घेतात. दुकानाशिवाय किराणा! एकट्याचं नाणं गल्ल्यात नुसतं खणकतं. पण शंभर जणांची नाणी एका थैलीत आली, की दर काय असावा हे बोलायलाही त्यांना जागा मिळते.

तिसरं स्टेशन : प्रभादेवी

पुन्हा दादर स्टेशनात येऊन चर्चगेटकडची धीमी गाडी घ्यायची आणि पुढच्याच स्टेशनावर उतरायचं. याचं जुनं नाव एल्फिन्स्टन रोड. २०१८ साली ते प्रभादेवी झालं. पश्चिमेला सेनापती बापट मार्ग आहे. दोन्ही बाजूंना काचेचे उंच मनोरे, मान मोडेपर्यंत वर बघावं लागतं. पण शंभर वर्षांपूर्वी इथे गिरण्या होत्या आणि त्यांच्या चिमण्या सगळ्यांत उंच होत्या. म्हणून तर या भागाला गिरणगाव म्हणतात.

या परळ भागात, एल्फिन्स्टन मिलच्या आवारात, ३१ जुलै १९२१ रोजी एक प्रचंड सभा भरली. दुसऱ्या दिवशी लोकमान्य टिळकांची पहिली पुण्यतिथी होती. लोकांनी घरातले परदेशी कपडे आणून ढीग रचला आणि गांधीजींच्या हस्ते त्याची होळी झाली. आजपासून परदेशी कापड घेणार नाही, असा निश्चय लोकांनी केला.

नुसत्या निश्चयानं काही झालं का? तुमच्या ताईदादाच्या इतिहासाच्या पुस्तकात आकडे सापडतील. १९२१ ते १९२२ या काळात भारतात येणारं परदेशी कापड निम्म्यावर आलं. १०२ कोटी रुपयांचं कापड येत होतं, ते ५७ कोटींवर घसरलं. व्यापाऱ्यांनी माल मागवायचं थांबवलं, कारण गिऱ्हाईकच फिरकेना. गंमत बघा, दुकानदार आणि वितरकाची तीच साखळी, पण इथे ती समुद्रापार इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांपर्यंत पोहोचली होती.

त्या वेळीही सगळ्यांचं एकमत नव्हतं, हेही सांगायला हवं. रवींद्रनाथ टागोरांना कापड जाळणं पटलं नव्हतं. देशात लोकांना अंगभर वस्त्र नाही आणि आपण कापड जाळायचं का, असा त्यांचा सवाल होता. मोठी माणसंसुद्धा एकमेकांशी वाद घालतात, पण एकमेकांचा आदर ठेवून.

आता या गोष्टीचा पुढचा भाग ऐका. १९३१ साली गांधीजी गोलमेज परिषदेसाठी इंग्लंडला गेले. तेव्हा ते मुद्दाम लँकेशायरमधल्या डार्वेन या गावी गेले. तिथल्या गिरण्यांतले अनेक कामगार बेकार झाले होते. जगभर मंदी होती आणि त्यात भारतातल्या बहिष्काराची भर पडली होती. तुम्हांला वाटेल, त्या कामगारांनी गांधीजींना शिव्या घातल्या असतील. पण झालं उलटंच! त्यांनी त्यांचं प्रेमानं स्वागत केलं. गिरणीतल्या बाया त्यांच्याभोवती हसत उभ्या आहेत, असा एक फोटो प्रसिद्ध आहे. कुठे मिळाला तर जरूर बघा. गांधीजींनी त्यांना बेकारीबद्दल वाईट वाटतं असं सांगितलं आणि भारतातली गरिबी याहून कितीतरी भयंकर आहे, हेही समजावलं.

मुलांनो, मला या गोष्टीतलं सगळ्यांत मोठं काय वाटतं, सांगू? बहिष्कार घालणारा माणूस स्वतः उठून त्या बहिष्कारानं ज्याच्या पोटावर पाय आला त्याला भेटायला गेला. नाण्याच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस आहे, हे तो विसरला नाही.

इथून सेनापती बापट मार्गानं लोअर परळकडे चालत गेलं की फिनिक्स लागतं. आज तो झगमगता मॉल आहे. पण आवारात एक उंच चिमणी अजून उभी आहे, ती शोधा. १९०५ साली सुरू झालेली फिनिक्स मिल इथेच होती. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. तो संप शेवटपर्यंत सुटलाच नाही, आणि बऱ्याच गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या सुरू झाल्या नाहीत. कारणं पुष्कळ होती : जुनी यंत्रं, मालक-कामगारांचे वाद, जमिनीच्या चढत्या किमती. पण त्यात आपलीही एक सवय होती. लोक टेरिलीनच्या, न चुरगळणाऱ्या कापडाकडे आणि यंत्रमागावरच्या स्वस्त कापडाकडे वळले होते. गिरणीचं सुती कापड मागे पडत चाललं होतं.

पुढे याच फिनिक्समध्ये 'बिग बाजार' नावाचं भलं मोठं दुकान आलं. ते काढणाऱ्या कंपनीनं आपल्या सवयींचा बारकाईनं अभ्यास केला होता. आपल्याला तांदूळ हातात घेऊन बघायला आवडतो, म्हणून धान्याचे उघडे ढीग मांडले. सामसूम दुकानात शिरायला आपण बिचकतो, म्हणून मुद्दाम बाजारासारखी दाटी ठेवली. २६ जानेवारी २००६ रोजी त्यांनी 'सबसे सस्ता दिन' जाहीर केला, तेव्हा देशभरच्या त्यांच्या दुकानांत गर्दी आवरेना! वाटलं, आता हे दुकान कायमचं. पण डोक्यावर कर्ज वाढत गेलं. मग टाळेबंदीत गिऱ्हाईक घरात बसलं, आणि २०२२ साली बिग बाजारची दुकानं बंद झाली. ज्याची गर्दी आवरत नव्हती, त्याच्या शटरला कुलूप लागलं. आता कितीतरी घरी किराणा मोबाइलवरून मागवला जातो. तो काही मिनिटांत दाराशी येतो. आणणारा दादा धापा टाकत जिना चढतो, तेव्हा त्यालाही एकदा नीट बघा.

चौथं स्टेशन : मरीन लाइन्स

लोअर परळहून गाडी घेऊन मरीन लाइन्सला उतरा. समुद्राकडे पाठ करून पूर्वेला चालू लागलं की काळबादेवी येते. हातगाड्या, पाठीवर गाठोडी घेतलेले हमाल, "बाजू, बाजू!" असा पुकारा. इथे मूळजी जेठा मार्केट आहे, कापडाचा जुना आणि भलामोठा बाजार. आणि इथेच बाबू गेनूंची आठवण आहे.

बाबू गेनू सैद हे पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळ गावचे. गरीब शेतकऱ्याचा मुलगा, पोटासाठी मुंबईला आला आणि गिरणीत कामाला लागला. १९३० साली परदेशी कापडावरचा बहिष्कार पुन्हा जोरात होता. १२ डिसेंबरला काळबादेवीतून परदेशी कापडानं भरलेला ट्रक पोलीस बंदोबस्तात निघाला. स्वयंसेवक आडवे आले. बाबू गेनू रस्त्यावर ट्रकसमोर ठाण मांडून राहिले. ट्रक थांबला नाही. तो त्यांच्या अंगावरून गेला. त्याच दिवशी त्यांचा मृत्यू झाला. वय होतं अवघं बावीस वर्षांचं.

इथे क्षणभर शांत उभे राहा. या माणसाच्या खिशात फार पैसे नव्हते. तो कापडाचा मोठा गिऱ्हाईक नव्हता. दुकान नव्हतं, गिरणी नव्हती. पण आपण काय विकत घ्यायचं आणि काय नाही, हे आपण ठरवायचं, एवढ्या एका गोष्टीसाठी तो उभा राहिला. आपल्याला आज दुकानात उभं राहून हे घेऊ की ते, असा विचार करायला कोणी अडवत नाही. तो हक्क किती मोठा आहे, हे या गल्लीत कळतं.

आता तुम्ही विचाराल, "मग बाई, आम्ही घ्यायचं तरी काय? स्वस्त घेऊ, की जवळच्या वाण्याकडून घेऊ, की आपल्या गावात बनलेलं घेऊ?" याचं एकच उत्तर मी देणार नाही. ज्या घरात महिनाअखेरीला पैसे संपतात, त्या आईनं स्वस्त पावडर घेतली तर ते शहाणपणच आहे. पण ज्याला दोन पैसे जास्त देणं जमतं, त्यानं जरा विचार करावा. कोपऱ्यावरचा दुकानदार अडचणीच्या वेळी वहीवर उधार लिहून घेतो. आपल्या गावची पापड करणारी मावशी, चपला शिवणारे काका, यांच्याकडे आपण वर्षभर फिरकलोच नाही, तर ते पुढच्या वर्षी तिथे असतीलच असं नाही. मग आपण हळहळतो, "अरेरे, किती छान पापड होते!" हळहळीनं त्यांची चूल पेटत नाही.

आणि एखादी वस्तू वाईट आहे, भेसळीची आहे, तिनं कचरा वाढतो, असं वाटलं तर ती घेणं थांबवा, इतरांनाही सांगा. तुमचं नाणं बोलतं. फक्त त्याला काय बोलायला लावायचं, हे जाहिरातीनं ठरवू नये, तुम्ही ठरवावं.

घरी गेल्यावर एक काम करा. एका वहीत तीन रकाने आखा. पहिल्यात लिहा 'काय घेतलं', दुसऱ्यात 'कोणाकडून घेतलं', तिसऱ्यात 'का घेतलं'. आठवडाभर घरातली प्रत्येक खरेदी त्यात टिपा. आईबाबांची मदत घ्या. तिसरा रकाना भरताना खरं लिहायचं हं! 'जाहिरातीत पाहिलं म्हणून', 'मित्रानं आणलं म्हणून', 'स्वस्त होतं म्हणून', 'भूक लागली म्हणून', जे असेल ते. मग रविवारी सगळ्यांनी मिळून ती वही वाचा आणि दुसऱ्या रकान्यातल्या एका दुकानदाराला जाऊन विचारा, "काका, गेल्या पाच वर्षांत तुमच्या फळीवरून कुठल्या वस्तू गेल्या आणि कुठल्या नव्या आल्या?" गर्दीच्या वेळी विचारू नका, दुपारी जा. ते काय सांगतात ते मला पत्रानं जरूर कळवा. वाट बघते.